कांद्याची थैली

मी मुळातली भित्री. पाल दिसली की खाटेवर चढते आणि घरचे हसतात. त्यामुळे उन्हाळ्याच्या सुटीत लेकीने पक्ष्यांना कडं घालायच्या शिबिराचा हट्ट धरला, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. मुलांसोबत घरचं एक मोठं माणूस हवं, असा तिथला नियम. नवऱ्याला सुटी नाही, सासूबाईंचे गुडघे दुखतात. उरले मी.

सानगडीजवळच्या एका तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, दाट झाडी आहे. तिथे उजाडायच्या आत जाळी लागत. जाळं इतकं बारीक की जवळ जाऊनही दिसायचं नाही. पक्षी येऊन त्याच्या झोळात अलगद पडायचा. शिबिराचे सर भंडाऱ्याहून यायचे. पक्ष्याला हात लावायची परवानगी त्यांच्याकडेच होती. ते त्याला सोडवून कापडी थैलीत घालायचे, नाडी ओढायचे आणि थैली एखाद्या मुलाच्या हाती द्यायचे. अंधार असला की पक्षी शांत बसतो. मुलाने ती जपून आणायची आणि मापं घ्यायच्या टेबलामागच्या मोहाच्या फांदीला सावलीत अडकवायची. मग एकेकाचं वजन, पंखाचं माप, पायात नंबरचं कडं आणि सुटका. पुढे तो पक्षी कुठे पुन्हा सापडला, तर त्या नंबरावरून कळतं की हा आपलाच.

थैल्या आमच्या सासूबाईंनी शिवून दिल्या होत्या, जुन्या निळ्या चादरीच्या. कापड उरलं म्हणून त्यांनी शिबिरातल्या प्रत्येक घरासाठी एक थैली जास्तीची शिवली आणि तिच्यात कांदा घातला. आमच्याकडे उन्हाळ्यात कांदा सोबत असल्याशिवाय कोणी लेकरांना बाहेर सोडत नाही; ऊन लागत नाही म्हणतात. सगळ्यांनी त्यांचं तोंडभरून कौतुक केलं. कांदा उन्हात सुकू नये म्हणून त्या थैल्याही मोहालाच अडकवल्या. यात काही चुकतंय असं कोणाच्या मनातही आलं नाही.

त्या दिवशी लेकीच्या वाट्याला नवरंग आला. पावसाच्या तोंडावर आमच्या झाडीत येणारा हा पक्षी. त्याची दोन सुरांची शीळ रोज ऐकू येते, पण तो दिसत नाही. सरांनी थैलीत घालण्याआधी मुलांना दाखवला: हिरवी पाठ, पोटाखाली लाल, शेपूट अगदी तोकडी.

"टेबलापर्यंत हा तुझा," सर तिला म्हणाले.

डोक्यावर भरलेला हंडा असावा तशी ती चालत आली. माझ्यापाशी थांबून थैली पुढे केली.

"माय, हात लावून पाह्य न. त्याचं काळीज धडधडून राह्यलं."

मी दोन्ही हात पाठीमागे नेले. तिने थैली फांदीला अडकवली आणि दुसऱ्या मुलांकडे पळाली.

तिच्या पक्ष्याची पाळी आली तेव्हा तिने दाखवलेली थैली सरांनी काढली, आत हात घातला आणि बाहेर कांदा आला. सगळे खो खो हसले. मीही हसले. सर हसले नाहीत. ते उठले आणि मोहाला लटकलेली एकेक थैली चाचपू लागले. कुठे कांदा, कुठे बुलबुल, पुन्हा कांदा. नवरंग नव्हता. हसणं आपोआप थांबलं.

मग कोणाला तरी आठवलं, सानगडीचे किराणा दुकानवाले दुकान उघडायचं म्हणून बायको-पोराला घेऊन लवकर निघाले होते. जाताना त्यांनी आपली थैली काढली होती. म्हणजे आपली समजून. त्यांचा फोन वाजत राहिला, कोणी उचलेना. सरांना हलता येईना; जाळ्यात अजून पक्षी अडकलेले, आणि ऊन चढायच्या आत जाळी उतरवणं भाग होतं.

"ताई, तुमच्याजवळ गाडी आहे. तुम्हीच जा," ते म्हणाले. आवाज शांत होता, पण चेहरा उतरला होता.

मी स्कूटी काढली. लेक मागे बसली. रस्त्यावर आताच तोंड भाजत होतं.

"माय, त्याहीनं थैली डिक्कीत टाकली असन तं?"

"चूप बस."

"मरन न मंग तो."

मी गाडीचा वेग वाढवला. मला भीती वाटत होती, आणि ती नुसती पक्ष्याची नव्हती. तो मेला असेल तर ही पोरगी पुन्हा कधी कोणत्या जिवाला हात लावणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. ती जन्मभर हात मागे घेणारी बाई होईल. माझ्यासारखी.

दुकानदार साखर तोलत होते.

"कांद्याची थैली? घरात हाय न ताई. काहून?"

मागच्या दाराने आम्ही घरात शिरलो. त्यांच्या बायकोने बोट दाखवलं. आमच्या भागात घरोघरी करतात तेच तिने केलं होतं. कांद्याची थैली घरातल्या थंड जागी, पाण्याच्या माठाशेजारी खुंटीला टांगली होती. बाहेरून आल्यावर कांदा तिथेच ठेवायचा, स्वयंपाकाच्या वेळेपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. थैली जरासुद्धा हलत नव्हती.

मी लेकीकडे पाहिलं. तिने दोन्ही हात पाठीमागे नेले होते.

मग मलाच पुढे जावं लागलं. डोळे मिटून मी थैलीखाली हात धरला. कापड उबदार लागलं. कांदा उबदार नसतो. तरीही मला खात्री वाटेना. हाताला काहीच हालचाल लागत नव्हती. आणि मग आतून एक चोच बोटाला टोचली. मी ओरडले नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

सरांना फोन लावला. परत आणू नका, ते म्हणाले, आणखी हाल नकोत. जवळच्या झाडीत थैली जमिनीवर ठेवा, तोंड उघडा आणि मागे व्हा. घरामागच्या नाल्याकाठी करवंदीची झुडपं होती. नाडी मी सोडली. नवरंग बाहेर आला आणि चोच उघडी टाकून तिथेच बसून राहिला. आम्ही दोघी मागे सरकून उभ्या. बराच वेळ गेला. मग तो वाळल्या पाल्यावरून दोन-तीन उड्या मारत गेला आणि करवंदीत शिरला.

"माय, त्याच्या पायात कडं नाही," लेक म्हणाली. "तो जगला का नाही, आपल्याले कसं समजन?"

मी रिकामी थैली झटकून तिची घडी घातली.

पुढच्या उन्हाळ्यात सासूबाईंनी कांद्याच्या थैल्या लाल कापडाच्या शिवल्या. लेक शिबिराला गेली, मीही गेले. आता पक्ष्याची थैली ती बिनधास्त हातात धरते. पण घरी पाणी प्यायला गेली की माठाशेजारची लाल थैली आधी हळूच दाबून पाहते. तिच्यात कांदाच असतो. मलाही ते ठाऊक आहे. ती गेल्यावर मीही दाबून पाहते.