राजेश्वरच्या वासरांचा बाप

बसवकल्याणजवळच्या राजेश्वर गावातल्या रेवणसिद्धाला एक सवय होती. लोकांनी आपल्याला हसायच्या आत तो स्वतःच स्वतःला हसून घ्यायचा. गाईम्हशींना कृत्रिम रेतन करणं हा त्याचा धंदा. मोटारसायकलच्या मागे गोठवलेल्या बीजाची, नायट्रोजनने भरलेली टाकी बांधून तो गल्लीत शिरला की पोरं ‘इंजेक्शनचा बैल आला’ म्हणून ओरडायची आणि त्याला राग यायचा नाही, कारण ते नाव त्यानेच पाडलं होतं. नव्या गोठ्यात हात धुता धुता तो सांगायचा, “राजेश्वरच्या निम्म्या वासरांचा बाप मीच हाय. पर एकबी वासरू मला अप्पा म्हणत न्हाई.” लोक हसायचे, आणि त्या हसण्यात पुढचा प्रश्न विरून जायचा. लग्नाला एवढी वर्षं झाली, घरात पाळणा कधी हलणार, हा तो प्रश्न.

ज्ञान त्याच्यापाशी होतं, आणि ते दाखवायची हौस त्याहून मोठी. गाईच्या पोटाचे चार कप्पे तो खांद्यावरच्या टॉवेलला घड्या घालून दाखवायचा. गाय सकाळी माजावर आली तर संध्याकाळी भरवायची आणि संध्याकाळी आली तर दुसऱ्या सकाळी, कारण बीज माज सरल्यावर सुटतं, हे तो शाळामास्तरासारखं समजावायचा. एवढं करूनही गाय उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली, तर कारणं त्याच्या जिभेवर तयार असत. गाय अशक्त आहे, गर्भाशयाला सूज आहे, मालकाने माज उशिरा ओळखला. या कारणांत त्याचं स्वतःचं नाव कधी आलं नाही.

घरीही हाच हिशेब. बायको मंजुश्री गुलबर्ग्याच्या बायकांच्या दवाखान्यात जाऊन रक्त, सोनोग्राफी, नळ्या, सगळं तपासून आली होती. दरवेळी रेवणसिद्ध तिला बसवकल्याणच्या बसस्टँडवर सोडायचा आणि माघारी फिरायचा. डॉक्टरीणबाई ‘नवऱ्याला घेऊन या’ म्हणायच्या आणि नेमकी त्याच दिवशी कुठली तरी गाय माजावर यायची. आपण तर प्रजननाच्याच खात्यातले, आपल्यात काय निघणार, असं त्याचं मत होतं. ते खातं गाईंचं आहे, हे बिचाऱ्याच्या ध्यानात आलं नाही. इकडे त्याची आई शकुबाई हिने सुनेच्या मनगटाला गंडा बांधला होता आणि तिला सोमवारचा उपास धरायला लावला होता.

यंदा उन्हाळ्यात गल्लीतल्या अंबाजीची जर्सी गाय पुन्हा उलटली. अंबाजी वैतागला. “डॉक्टर, भाकड हाय ही. येत्या बाजारात इकून टाकतो.” रेवणसिद्धाने मान हलवली. “कवा कवा गाईतच खोट असती, अण्णा.”

पण मग शेजारच्या गोठ्यातली उलटली, त्याच्या पलीकडचीही उलटली. एका गाईत खोट असेल, साऱ्या गल्लीतल्या गाईंत खोट असावी हे काही पटेना.  टाकी घेऊन तो बसवकल्याणला जनावरांच्या दवाखान्यात गेला, तिच्यातली बैलाच्या बीजाची एक कांडी कोमट पाण्यात वितळवली आणि एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. चांगल्या थेंबात वारूळ फुटल्यासारखी धावपळ दिसते. या थेंबात एकही जीव हलत नव्हता. दुसरी कांडी, तिसरी कांडी, तेच. तेव्हा त्याला आठवलं. चुलतभावाच्या लग्नात तो आठवडाभर नाचत बसला होता आणि तेवढ्यात नायट्रोजन उडून टाकी कोरडी पडली होती. परत येऊन त्याने नायट्रोजन भरला, टाकी पुन्हा धुरावली, आणि सगळं ठीक समजून हा गडी मेलेले बैल घेऊन घरोघर फिरत राहिला.

तो तडक अंबाजीकडे गेला. “अण्णा, गाय इकू नका. बैलच मेलता, तोबी माझ्या टाकीत.” अंबाजीने आधी शिव्या दिल्या, मग चहा दिला.

जेवताना त्याने ही सगळी गोष्ट नक्कल करून मंजुश्रीला सांगितली. सूक्ष्मदर्शकावर वाकलेला मी कसा खुळ्यावानी दिसलो असंल बघ, म्हणाला. ती हसली नाही. ताटात भाकरी टाकून म्हणाली, “म्हंजे आधी टाकी बघायची, मग गाय. आसंच ना?”

“व्हय.”

“मग मला कामून धाडलं गुलबर्ग्याला, येवढ्या बाऱ्या?”

त्याने विनोद करायला तोंड उघडलं.  “आन् मला गाय म्हणू नका,” ती आधीच म्हणाली.

पुढच्या खेपेला दोघं बसने गेले. नर्सबाईंनी कानडीत मोठ्याने पुकारा केला, “रेवणसिद्धप्पा यारू?”, म्हणजे कोण, आणि त्याच्या हातात नमुन्यासाठी एक डबी दिली. शेकडो गाईंच्या मागून बिनदिक्कत कोपरापर्यंत हात घालणाऱ्या या माणसाचे कान लाल झाले. ज्या बैलांच्या जिवावर त्याचं पोट चालायचं त्यांची त्याला पहिल्यांदाच दया आली. डबी परत देताना ती त्याने शर्टाच्या आत, काखेत धरली होती. “थंड लागू देऊ नका, मरत्यात,” त्याने तिथल्या तरुणाला बजावलं. “काका, तुम्ही बाहेर बसा,” तो म्हणाला.

उत्तर दुपारी मिळालं. मंजुश्रीचं सगळं ठीक होतं. याच्याकडे बीज फार कमी होतं आणि होतं तेही मंद. औषधं घेऊन बघू, पण खात्री देत नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बसमध्ये मंजुश्रीने एवढंच विचारलं, “घरी मायला मी काय सांगू?”  त्याला भीती वाटत होती. गावाचं हसणं त्याला आजवर सोसत होतं, कारण ते खोटं होतं; आता ते खरं ठरणार होतं.

ओट्यावर शकुबाई बसली होती, नव्या कांडीने गाय उलटली नाही ही बातमी सांगायला आलेला अंबाजीही होता. शकुबाई सुनेकडे बघून म्हणाली, “काय म्हणली डॉक्टरीण हिला?”

मंजुश्री खाली मान घालून आत निघाली. रेवणसिद्ध म्हणाला, “माय, मंजुश्रीत कायबी न्हाई. खोट माझ्यात हाय.”

अंबाजी हसायच्या तयारीत थांबला, कारण याच्या बोलण्यात पुढे काहीतरी यायचंच. पुढे काही आलं नाही.  शकुबाईने सुनेला जवळ बसवलं, तिच्या मनगटावरच्या गंड्याची गाठ सोडवायला घेतली. गाठ जुनी होती, सुटेना, तिने ती दातांनी तोडली.

“मंजू, आज सोमवार हाय. पर तू भाकरी खाय.”

“मग उपास म्या धरू का?” रेवणसिद्धाच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

“व्हय,” शकुबाई म्हणाली. “आता तूच धर.”

आत परातीत पीठ काढता काढता मंजुश्रीला हसू फुटलं.