नानाचं मशीन आणि भिकाचा वस्तरा

केस कसे, कितीही झाडा, उंबऱ्याच्या फटीत चार राहतातच. आमच्या घरातल्या दाढीच्या गोष्टी तशाच. किती सांगितल्या, किती झाडून टाकल्या, तरी हात घातला की एक निघतेच! आणि दाढी येते पुरुषांना, पण तिच्या गोष्टी साचतात आम्हा बायांकडे. त्यांना कुठे सांगायला तोंड असतं?

माझा दीर नाना खांडबारा स्टेशनात तारबाबूच्या हाताखाली लागला. पगार लागला तशी फॅशन लागली. लग्न ठरलं म्हसावदला, वैशाखातलं. नवरदेव आता रोज आरशासमोर!

एकदा नाना गावच्या निंबाखाली भिका न्हाव्यापुढे बसला होता. भिकाने चार माणसांत गालावरून हात फिरवला नि म्हणाला, "नाना, वस्तरा कोठे चालाडू? पीक उगेल दिखत नही!"

सगळे हसले. नाना अर्ध्या साबणासकट उठला. "आजपशी तुन्हा हातखाले बठाव नही! मन्हं लगीन बी तुन्हा वस्ताराबिगर व्हई!"

भिका म्हणाला, "बरं. वस्ताराले बी आराम."

झालं! नवरदेवाचा शब्द. आता म्हसावदला जायचं ते स्वतःच्या हाताने गुळगुळीत होऊनच.

* * *

मग आलं दाढीचं मशीन. पितळेचं, मखमलीच्या डबीत. घरात गणपती यावा तसं सगळे बघायला जमलो. नाना म्हणाला, "याला सेफ्टी म्हणतात. कापायचं नावच नाही."

अर्ध्या तासाने बाहेर आला. जिथे कापलं तिथे वर्तमानपत्राचे तुकडे चिकटवलेले. हनुवटीवर दोन, गालावर पाच, गळ्यावर एक मोठा.

आमचे सासरे, आप्पा, ओट्यावर बसलेले. चष्मा लावला, पोराचा गाल धरला आणि वाचायला लागले. मान इकडून तिकडे फिरवली नि म्हणाले, "पुढलं पान कोठे शे रे?"

* * *

बरोबर आलेली पाती आठवड्यात बोथट झाली. नाना नंदुरबारच्या बाजारातून नवं पाकीट घेऊन आला. घरी येऊन बसवतो तर मशीनला तीन खुंट्या आणि पातीला दोन भोकं!

नाना परत गेला. दुकानदार म्हणतो, "पाती एक नंबर शे साहेब. मशीन बदला!"

मग काय, नाना खिशात मशीन घेऊन दुकानोदुकान. प्रत्येक पाती उजेडात धरायची, भोकं मोजायची, नाक मुरडायचं. चौथ्या दुकानात जमलं एकदाचं.

मी म्हटलं, "नाना, म्हसावदची मुलगी तुम्ही एका नजरेत पसंत केली. पातीला चार स्थळं बघितली!"

आणि ही भोकांची गोष्ट मी कोणालाच सांगितली नाही हं. फक्त भिकाच्या बायकोला, विहिरीवर.

* * *

जमलेली पाती जपून वापरायची म्हणून नाना ती काचेच्या गिलासात बोटाने घासायचा. धार येते म्हणे. सकाळी सगळ्या घराला तो किर्रर्र आवाज! दात आंबून जायचे.

एका दुपारी माझ्या टाचांना भेगा पडलेल्या. पाती समोर होती. मी टाचा छान तासल्या, पाती धुतली, होती तशी ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी नाना खूश! "दखा वहिनी, गिलासमां घासी तं कशी नरम चालनी!"

मी म्हटलं, "मन्हा पायगुण शे, नाना."

* * *

आणि मग लग्न. दुसऱ्या दिवशी पहाटे बैलगाड्या निघायच्या, तर आदल्या दिवशी नाना मिशीला आकार द्यायला बसला. डावी जरा जास्त गेली. म्हणून उजवी कापली. मग उजवी जास्त गेली. अशी बरोबरी करता करता नाकाखाली माशी बसल्याएवढी उरली. शेवटी तीही गेली!

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. कारण आमच्याकडे पोरगा मिशी उतरवतो ती बाप मेल्यावर. आणि बाप तर पलीकडे बसून सुपारी कातरतोय!

त्यात लग्नाचा निरोप घेऊन न्हाव्याने गाड्यांच्या पुढे जायची रीत. भिका निरोप घ्यायला दारात आला. नानाकडे बघितलं. शहाण्यासारखा खाली मान घालून निघाला.

आम्ही वाजतगाजत म्हसावदला पोचलो. आमची वाजंत्री चालू, त्यांची बंद. मांडवाचं तोरण खाली उतरवलेलं. सुतकात लग्न कसं लावायचं म्हणून भटजीलाही घरी पाठवलेलं! नवरीची आई धावत आली, माझ्या गळ्यात पडली नि मोठ्याने रडायला लागली, "ओ माय! कसा गया वं मन्हा व्याही!"

तेवढ्यात आप्पा मागच्या गाडीतून उतरले. "पानी लई या वं कोनी! घसा सुकाई गया!"

बाई तिथेच मटकन बसली.

नवरीच्या बापाने भिकाची बंडी धरली. "तूच सांगेल व्हतं ना रे, सोयरा गया म्हनीसन!"

"मी कसाले सांगू?" भिका म्हणाला. "तुम्ही इचारं, नवरदेव कसा शे. मी सांगं, मिशी काढी टाकेल शे. तेन्हा बापनं कोनी इचारंच नही!"

भटजीला बोलवायला माणूस पळाला. तोरण पुन्हा चढलं. मग नवरीच्या आईने डोळे पुसून नवरदेवाला नीट बघितलं. गाल कापलेला, हनुवटी सोललेली. म्हणाली, "या तोंडले हळद लावशात तं पोऱ्या बोंबलत पळी जाई. पहिले न्हावीपुढे बसाडा, नही तं हळद नही!"

नानाने आप्पांकडे बघितलं. आप्पा पाणी पीत होते. माझ्याकडे बघितलं. मी तोरणाकडे बघत होते.

बसला पाटावर.

भिकाने सावकाश साबण लावला. चामड्यावर वस्तरा चार वेळा फिरवला. नानाची हनुवटी दोन बोटांनी वर केली आणि सगळ्या वऱ्हाडासमोर, अगदी अदबीने विचारलं,

"नाना, मन्हा वस्ताराले भोकं नहीत. चाली का?"