ओपलने धुतलेली जर्सी

आयोवातल्या आमच्या गावात बेसबॉलच्या जुन्या वस्तू जमवणारे बरेच, पण हार्लनइतका काटेकोर कुणी नाही. खेळाडूने अंगात घालून सामना खेळलेली जर्सी ‘गेम-यूज्ड’, आणि त्याच्यासाठी शिवून कपाटातच राहिलेली ‘गेम-इश्यूड’; हा फरक त्याने गावच्या न्हाव्यालासुद्धा पाठ करून घेतला होता. लायब्ररीतल्या प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी त्याच्या बायकोने, ओपलने, त्याच्या लाडक्या जर्सीवरचा गवताचा डाग धुऊन काढला आणि वर कडक इस्त्रीही केली. सामन्याचा पुरावाच गेला. हार्लन तोंड पाडून ‘गेम-इश्यूड’ची चिठ्ठी लिहायला बसला.

तेवढ्यात लोरेना आली. गावच्या संघाचे कपडे तीस वर्षं तिनेच धुतले, तिनेच सांधले. तिने जर्सीची बाही उलटी केली. कोपरापाशी निळ्या दोऱ्याचं रफू होतं.

“हे माझंच. सामन्यात तो खेळणारा पोरगा घसरून पडला होता आणि माझा पांढरा दोरा संपला होता. फाड ती चिठ्ठी, हार्लन.”

हार्लनने ती फाडली.

लोरेना मात्र ओपलकडे वळली. “ते राहू दे गं. तो डाग माझ्याच्याने कधी निघाला नाही. साबण कुठला वापरलास?”