पोळ्याची म्हैस

सत्तरच्या दशकात मी भावाबरोबर फिलिपिन्सहून आकुर्डीला आले. तो कंपनीत जायचा, मी खोलीत चित्रं काढायचे. पण त्यातली माणसं ना तिकडची वाटायची, ना इकडची. भेटेल तो विचारायचा, ‘कुठनं आलीस?’ त्या प्रश्नाचा मला वैताग आला होता.

पोळ्याच्या सकाळी घरमालक काकांनी माझ्या हातात रंगाचा डबा दिला. ‘चित्रकार हायस ना, शिंगं रंगव.’ गोठ्यात अंधुक उजेड होता, धूर होता, ओल्या वैरणीचा वास होता. आजोबांच्या भातखाचराच्या कडेला उभी असल्यासारखं वाटलं आणि हात आपोआप चालू लागला. भानावर आले तेव्हा बैल तसेच होते आणि म्हशीची शिंगं निळी झाली होती.

‘पोरी, पोळा बैलांचा हाय,’ काका म्हणाले.

‘आमच्याकडं नांगर म्हैसच ओढते.’

त्यांनी म्हशीच्या पाठीवर थाप मारली. मग काकूंना हाक मारून म्हणाले, ‘अजून एक पुरणपोळी आन.’

संध्याकाळी मिरवणुकीत बैलांमागून म्हैस निघाली. दोर माझ्या हातात होता. लोक थांबवून हसत विचारत होते, ‘कुठनं आणली?’ आणि पहिल्यांदाच ते माझ्याबद्दल विचारत नव्हते.