जोसेफच्या रेकॉर्डवरची लेझीम

समस्त महाराष्ट्र मंडळांच्या कार्यकारिणींना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, पूर्ण न ऐकलेल्या गाण्यावर लेझीम खेळवू नये.

परवा लंडनच्या वेम्बलीत राजेळी केळी तळल्याचा वास आला आणि आमच्या मंडळाच्या हॉलचा नायजेरियन केअरटेकर जोसेफ आठवला. त्याचा डबा असाच घमघमायचा. गणपतीत आमची लेझीमची कॅसेट ऐन वेळी तुटली, तेव्हा त्यानेच स्वतःची रेकॉर्ड लावून दिली. काय ते ड्रम, काय तो सॅक्सोफोन! मुलं बेभान होऊन खेळत होती. गाणं संपेना आणि कुणी गायलाही लागेना. मी सेक्रेटरी, अगदी निश्चिंत.

मग गायकाने तोंड उघडलं. सगळ्यांना कळेल अशा इंग्रजीत तो विचारू लागला, जनरलसाहेब, ही पदकं कुठल्या लढाईची? आमची घरं जाळलीत, त्या लढाईची?

आणि पहिल्या रांगेत प्रमुख पाहुणे, निवृत्त कर्नलकाका, छातीवर झाडून सगळी पदकं लावून! मी वैतागून धावलो. “जोसेफ, बंद कर रे बाबा!”

“नो सर.” त्याने रेकॉर्ड प्लेअरवर हात ठेवला. “तिकडे नायजेरियात, घरी, बाकीच्या रेकॉर्ड सोल्जरांनी फोडल्या. ही एवढी वाचली. ही पूर्ण वाजणार.”

तेव्हा मला नुसता हट्टीपणा दिसला. मी चरफडत प्लगकडे वाकलो. त्या रेकॉर्डला जपणारा त्याचा हात मला आज दिसतो.

कर्नलकाकांना तो तेव्हाच दिसला असावा. ते ताडकन उठून गरजले, “अहो सेक्रेटरी, खबरदार बंद कराल तर! आमच्या साहेबांना हाच प्रश्न मला नोकरीभर विचारायचा होता!”