चादरीच्या टोकाची गाठ

डोळे मिटा, हलू नका, बोलू नका, फार विचार करू नका, असं सांगून सिस्टर जाते. मेंदूचा स्कॅन करायला आलेल्या बाईला म्हणे विचार करू नका! सुईतून साखरेसारखं औषध आत गेलंय. मेंदूचा जो भाग नीट चालतो तो ते ओढून घेतो आणि फोटोत उजळतो. जो थकलाय तो काळवंडलेला दिसतो. औषध मुरेपर्यंत या अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं. भाजीत दोनदा मीठ पडलं तेव्हा मी हसले होते. पण रिक्षावाल्याला घरचा पत्ता सांगता येईना, तेव्हा ऋजुता, माझी मुलगी, हसली नाही. ती बाहेर बसली आहे.

पापण्या जड होतात. खाटेच्या पायथ्याशी आई उभी आहे.

ती जाऊन बरीच वर्षं झाली. तिचा स्कॅन कुणी केला नाही. वय झालं की होतंच, म्हणून सगळे मोकळे झाले. काही विसरू नये म्हणून ती पदराला गाठ मारायची. दळणाची, रॉकेलची, कुणाच्या बारशाची. शेवटी शेवटी पदरभर गाठी असायच्या आणि कुठली कशाची ते तिला सांगता यायचं नाही. ती गेल्यावर त्या सोडणं माझ्या अगदी जिवावर आलं होतं.

"हेमे, किती लाईट जाळतेस?"

आता खाट नाही. आमचं सोलापूरचं घर आहे. आई नेहमीसारखी खोल्याखोल्यांतून लाईट बंद करत चालली आहे. स्वयंपाकघर जातं. पुढचं दार उघडते तर आत माझी शाळा, मुलींसकट. तीही जाते. मग मंगळवारचा बाजार जातो.

"आई, डॉक्टर म्हणतात, लवकर कळलं तर बरं."

"कळून काय करणार?"

"औषधं आहेत. थोडं लांबवता येतं."

"आणि मग?"

डॉक्टरांचा राग येतो, आईचा त्याहून जास्त येतो.

शेवटच्या खोलीत ऋजुता जमिनीवर बसून वह्यांना कव्हरं घालते आहे.

"ही नको," मी आईचा हात धरते. "ही राहू दे. तुझ्या पाया पडते."

"मीही तुझी खोली शेवटपर्यंत ठेवली होती."

"मग?"

"मग काय! बटण माझ्या हातात नव्हतं गं."

आता मला दिसतं, तिचा हात बटणाला लागतच नाहीये.

"पदर कुठाय तुझा?" ती विचारते. माझ्या अंगात दवाखान्याचा झगा आहे. ती चादरीचं टोक ओढते आणि घट्ट गाठ मारते.

"ही कशाची, आई?"

ती गाठीकडे बघते. मग माझ्याकडे. तीच ती शेवटच्या वर्षांतली नजर.

"तू कुणाची गं, बाळ?"

"उठा मावशी, झालं." सिस्टरने दिवा लावला आहे. "हलू नका म्हटलं होतं ना? ही गाठ कुणी मारली?"

चादरीच्या टोकाला गाठ आहे. घट्ट, दुहेरी, आई मारायची तशी. मी मारल्याचं मला आठवत नाही.

"सोडू का?"

"नको."

"बरं. बाहेर कोण आलंय तुमच्याबरोबर? हाक मारते."

"मुलगी," मी लगेच सांगते.

"नाव काय त्यांचं?"

मी गाठ मुठीत धरते आणि नाव यायची वाट बघत बसते.