अण्णांच्या अंगणातली भेग

आता काय सांगू तुम्हाला, मूर्खपणा सगळेच करतात हो. पण मी तो रोलरनं दोन कोट मारून, वर चमक आणून केलाय! चहा घ्या आधी. ऐकताना हसलात तरी चालेल. मला अजून नीट हसता येत नाही, तो भाग वेगळा.

आमचे वडील, अण्णा. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले, त्याला सहा वर्षं झाली. पण कुणी हात धरायला गेलं की खेकसायचे, "सोड हात! मी काय आंधळा हाय का?"

रोज संध्याकाळी पाच वाजता काठी टेकत दारातून निघायचे ते अख्खं अंगण ओलांडून फाटकापर्यंत. एकटे! फाटकाशी लिंबाखालच्या बाकावर रशीदचाचा वाट बघत असायचे. चाचा म्हणजे आमचं अंगण ज्यांनी केलं तेच गवंडी, अण्णांचे जुने दोस्त. दिवसभर अण्णांचं सगळं आम्हीच करायचो. कुणाच्या मदतीशिवाय त्यांच्याकडं उरलं होतं ते फक्त एवढं फाटकापर्यंतचं चालणं.

आणि त्या अंगणात, सिमेंटच्या कोब्याला, दारापासून थेट फाटकापर्यंत एक भेग. पावसाचं पाणी मुरायचं, गवत उगवायचं. मला ती बघवत नव्हती. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून मी निम्मा इंजिनिअर झालो होतो! शहागंजातून पेस्ट आणली, सीलर आणलं, रोलर आणला. वासाचा त्रास नको म्हणून अण्णांना आठ दिवस सिल्लोडला ताईकडं धाडलं.

सुनंदा, माझी बायको, म्हणाली, "अहो, अण्णांना एकदा इचारा तरी."

"आल्यावर खूश होतील बघ!"

तारेच्या ब्रशनं अंगण घासलं. भेग खरवडून पेस्ट ठासून भरली. वर सीलरचे दोन कोट. दोन दिवस कुणाला पाय ठेवू दिला नाही, मांजरीलासुद्धा हाकललं. मग तांब्याभर पाणी ओतून पाहिलं. काय सांगू, थेंब नुसते घरंगळत गेले! मी स्वतःचाच फोटो काढून घेतला.

अण्णा दुपारी आले. मजा घालवायची नाही म्हणून मी त्यांना मागच्या दारानं आत घेतलं. पाचला ते नेहमीसारखे अंगणात निघाले. सुनंदा आणि मी दारातच उभे. काठी टेकली. थांबले. डावीकडं टेकली, उजवीकडं टेकली.

"सुनंदा, हे कुणाचं घर हाय?"

मी खूश! "ओळखू येईना ना अण्णा? एकदम बंगल्यावानी झालंय!"

त्यांनी आवाज खाली आणला. "सुनंदा, मला कुठं आणून सोडलंय गं? खरं सांग. मी काय लई तरास देत नाय."

आता इथं तरी माणसाला कळावं की नाही? पण मी कसला! मला वाटलं, थट्टा करतायत. मी म्हणालो, "या अण्णा, सरळ या!"

सरळ! त्यांनी पाऊल टाकलं, पाय सटकला, कसेबसे सावरले आणि फाटकाऐवजी चालत गेले ते भिंतीकडं. भिंतीला हात लागला तसे तिथंच उभे राहिले, वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखे.

फाटकातून रशीदचाचा लगबगीनं आत आले. त्यांनी खाली बघितलं.

"अरे बेटा, ती भेग कुठं गेली?"

"बुजवली चाचा. एकदम पक्की."

"या अल्ला! काठीचं टोक त्या भेगेत घालून तर येत होते अण्णा माझ्याकडं. सहा साल!"

सहा वर्षं मी रोज दारात चहा पीत त्यांना जाताना बघत होतो हो!

छिन्नी-हातोडा आणला, गुडघ्यावर बसलो आणि एक घाव घातला. आवाज ऐकून अण्णा म्हणाले, "राहू दे दिग्या. नवं अंगण फोडू नको. लई मेहनत केलीस." त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मला रडूच फुटलं.

मग त्यांनी हात पुढं केला. डोळे गेल्यापासून पहिल्यांदाच. मी तो धरला आणि आम्ही दोघं हळूहळू फाटकाकडं निघालो.

शेजारच्या काकू गच्चीवरून बघत होत्या. "अगं बाई, अण्णा! आज लेकाचा हात धरून?"

अण्णा थांबले. ताठ उभे राहिले.

"काय करता बाई, पोराला दिसंना झालंय आमच्या. नेतो जरा फाटकापर्यंत."

काकू माझ्याकडं बघून हळहळल्या, "अरेरे, कधीपासून रे?"

मी म्हणालो, "लई वर्षं झाली काकू."